बार्तांगचे ओढे नकाशात दिसत नाहीत

"फोनमध्ये ऑफलाइन नकाशा असला की छापील गाईडबुकचं ओझं कशाला?" हे एका प्रवासलेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आम्ही बाईकवरून ताजिकिस्तान फिरलो. तिथे पामीर हायवेवर, म्हणजे एम-४१ वर, ते चालून जाईल. ४६५५ मीटरवरची अक-बैताल खिंडसुद्धा नकाशाच्या भरवशावर पार होते. पण याच हायवेवरच्या रुशान गावाहून बार्तांग नदीच्या खोऱ्यात वळलात की गोष्ट वेगळी. नकाशात रस्त्याची नुसती रेघ, वाटेतले ओढे नाहीत. बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं, ओढे सकाळी लवकर ओलांडायचे, हे आम्हाला जुन्या पुस्तकातल्या चार ओळींनी सांगितलं. त्या दिवशी त्याच ओळींनी बाईक वाचवली.

पेट्रोल आणि परवान्यांची माहिती मात्र पुस्तकात लवकर शिळी होते. ती समोरून येणाऱ्या बाईकवाल्यालाच विचारावी. आम्ही विचारलं, म्हणून मुर्गाब गावापर्यंत पुरेल एवढं पेट्रोल कॅनमध्ये भरून घेतलं.