विमानतळ, वाहनतळ आणि ५८४ रुपये

पुण्यात विमानाचे तिकीट पाच मिनिटांत निघते. विमानतळावर जायचे कसे, हे ठरवायला मात्र आमच्या घरी आठवडाभर बैठका चालतात. आम्ही राहतो कोथरूडला आणि विमानतळ आहे लोहगावला, म्हणजे प्रवासाचा पहिला टप्पा म्हणून अख्खे शहर आडवे पार करणे आले. तिकिटांवर गेलेल्या हजारो रुपयांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कारण ते भरून झालेले असतात. सगळ्यांची बुद्धी पणाला लागते ती आपली गाडी नेऊन चार दिवस तिथल्या वाहनतळावर उभी करायची, की ॲपवरून कॅब बोलवायची, या एका प्रश्नावर.

यावर तोंडी वाद घालणाऱ्यांशी माझे जमत नाही. मी कागद घेतो. पुण्याच्या परिवहन प्राधिकरणाने वातानुकूलित कॅबसाठी १ जानेवारी २०२४ पासून लागू केलेला दर पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये असा आहे. आमच्या दारापासून विमानतळ १८ किलोमीटर धरला, तर उरलेल्या साडेसोळा किलोमीटरचे ४१२ रुपये ५० पैसे आणि वरचे ३७ मिळून ४४९ रुपये ५० पैसे होतात. जाऊन-येऊन ८९९. बुटाच्या दुकानातल्या किमतीसारखा हा आकडा पाहून सौ.ला पहिल्यापासूनच संशय आला होता. आता आपल्या गाडीचे पाहू. शहरातल्या गर्दीत ती लिटरला १२ किलोमीटर देते, ३६ किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल लागते आणि लिटरला १०५ रुपये धरले तर ३१५ रुपये होतात. ८९९ मधून ३१५ वजा केले की उरतात ५८४. वाहनतळाचे एकूण बिल ५८४ रुपयांच्या आत राहिले तर गाडी न्यावी, वर गेले तर कॅब करावी. दर काय आहे ते फलकावर वाचून घ्यावे. सिद्धान्त तोच राहतो. चोवीस तासांना ३०० रुपये पडत असतील, तर दोन दिवसांच्या मुक्कामात गाडी बरोबर सोळा रुपयांनी हरते.

इतका स्वच्छ निकाल हाती असताना बैठक संपायला हवी होती. पण सौ.ने विचारले, “अहो, दोन दिवस म्हणजे कधीपासून कधीपर्यंत?” आणि इथेच वाहनतळाच्या गणितातली खरी गोम आहे. घरात आपण दिवस मोजतो ते रात्रींवरून, म्हणजे शुक्रवारी पहाटे निघून रविवारी रात्री परतलो तर आपण सांगतो, दोन रात्रींसाठी गेलो होतो. वाहनतळाचे यंत्र दिवस मोजते ते पावती फाडल्याच्या मिनिटापासून. शुक्रवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी आत गेलेल्या गाडीचे दोन दिवस रविवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनीच भरतात आणि त्या वेळी आपण दुसऱ्या गावी लग्नघरात घोरत असतो. रविवारी रात्री आपण परत येईपर्यंत तिसरा दिवस केव्हाच चढलेला असतो. त्यात विमानाला उशीर झाला, तर चौथा दिवसही उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, प्रवासी विमाने तिथली पाहुणी. तेव्हा धावपट्टी एक आणि सुखोईंचा मान पहिला. विमान उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी सगळे आपापल्या बॅगेची वाट पाहत असतात, पण ज्याची गाडी वाहनतळावर आहे तो माणूस चेहऱ्यावरून लगेच ओळखू येतो. तो पट्ट्याकडे पाहतच नाही, घड्याळाकडे पाहतो.

मग कॅबच बरी, असे कोणालाही वाटेल. कागदावर ती बरी आहेच. प्रत्यक्षात पहाटे साडेतीनला फोनच्या पडद्यावर एक चिमुकली गाडी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उलटी फिरते, पौड रस्त्याकडे जाते, थोडा विचार करते आणि पुन्हा येते. एवढ्यात चालकाचा फोन येतो. त्याचे दोनच प्रश्न असतात: “काका, जायचंय कुठे?” आणि “पेमेंट कॅश ना?” दोन्हींची उत्तरे त्याच्याही पडद्यावर असावीत अशी माझी समजूत होती, पण ती माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही. नंतर तिसरा मुद्दा निघतो. ॲपवर दिसणारे भाडे हे केवळ मनोरंजनासाठी असून प्रत्यक्षात आरटीओच्या दराने पैसे द्यावे लागतील, असे तो सांगतो. यावर वाद घालायला मी तयार नसतो, कारण माझा कागद त्याच दराने मांडलेला असतो. उलट आपला हिशेब त्याने मान्य केला याचे मला समाधानच वाटते. आणि खरे सांगायचे तर ॲपच्या दरात त्याचे भागत नाही, हे त्याचे म्हणणे मला पटते.

कागदावर जे मावले नव्हते ते गाडीची डिकी उघडल्यावर कळते. आपल्याकडच्या बहुतेक कॅब सीएनजीवर चालतात आणि सीएनजीची टाकी डिकीत असते. ती अशी ऐसपैस आडवी पसरलेली असते की उरलेल्या जागेत एक मध्यम बॅग आणि चालकाचा पाण्याचा कॅन एवढेच मावते. दुसरी बॅग पुढच्या सीटवर जाते. तिसरी मुलांच्या मांडीवर. सासूबाईंनी आपल्या बहिणीसाठी दिलेली लोणच्याची बरणी चेक-इनच्या बॅगेत घातलेली असते आणि ती बॅग आडवी ठेवायची नसते, त्यामुळे ती धरून कोणीतरी थेट येरवड्यापर्यंत ताठ बसून राहावे लागते. मोठी कॅब मागवली तर तिचा दर वेगळा, आणि दोन लहान कॅब केल्या तर ८९९ चे १,७९८ होतात. मग वाहनतळासाठी ५८४ च्या जागी १,४८३ रुपये मोकळे होतात आणि दिवसाला त्याच ३०० रुपयांच्या हिशेबाने आपली गाडी चार दिवसांपर्यंत ताठ मानेने जिंकते. थोडक्यात, गाडी की कॅब या प्रश्नाचे उत्तर शेवटी बरणी ठरवते.

मेट्रोचाही प्रस्ताव आला होता. वनाज ते रामवाडी हा मार्ग मार्च २०२४ पासून पूर्ण सुरू आहे आणि रामवाडीहून विमानतळ रिक्षाने जवळ पडतो. दिवसाच्या विमानाला आणि एका बॅगेला याहून स्वस्त काही नाही. पण पहिली मेट्रो सकाळी सहाला आणि आमचे विमान त्याआधीच आकाशात, कारण सौ.ने पहाटेचे तिकीट स्वस्त म्हणून काढले होते. आता हा स्वस्तपणा कोणत्या रकान्यात मांडायचा, हे मी विचारले नाही.

“एवढं काय करताय, मी सोडतो की!” असे माझा मेहुणा फोनवर म्हणाला. हा फुकटचा पर्याय माझ्या मते सर्वांत महाग आहे. तो राहतो वारज्याला. सोडायला येणार म्हणजे पहाटे तीनला त्याच्यासाठी चहा आणि पोहे आले, परतताना त्याच्यासाठी काहीतरी आणणे आले, आणि पुढच्या वेळी त्याच्या सासरच्यांना आणायला मध्यरात्री लोहगाव गाठणे आले. पेट्रोलही दुप्पट जाळायचे, कारण सोडायला आणि आणायला अशी त्याची गाडी दोनदा ये-जा करणार. आपण पैसे देऊ केले तर तो रागावतो आणि न दिले तर त्याची बायको लक्षात ठेवते.

अखेर माझा कागद मी तपासणीसाठी शेजारच्या काकांकडे नेला. ते बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत आणि दुसऱ्याच्या बेरजेत चूक सापडली की त्यांचा रक्तदाब उतरतो. बेरीज बिनचूक निघाली, याचे त्यांना वाईट वाटले. मग त्यांनी चष्मा वर सरकवून एक मुद्दा काढला. सोसायटीतल्या आपल्या पार्किंगच्या जागेचा देखभाल खर्च आपण दरमहा भरतोच. गाडी लोहगावला उभी असेल तेवढे दिवस इथली जागा रिकामी पडणार, म्हणजे एकाच गाडीसाठी दोन ठिकाणी पैसे जाणार, हे मी हिशेबात धरलेच नव्हते म्हणे. मी निरुत्तर झालो. त्यावर काका मायेने म्हणाले, “तुम्ही काही काळजी करू नका. माझा भाचा नाशिकहून येतोय शुक्रवारी. त्याची गाडी लावू तुमच्या जागेवर, म्हणजे वाया जायला नको.”

आमची गाडी तिकडे तासातासाचे पैसे मोजत उभी राहणार आणि आमच्या जागेवर काकांच्या भाच्याची फुकट उभी राहणार, एवढे ऐकल्यावर सौ.ने माझा कागद पुढे वाचलाच नाही. उभ्या उभ्या फोन काढून तिने पहाटेच्या दोन कॅब नोंदवल्या.