‘आपलेच पाथरवट गेले असणार’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

झिंबाब्वेतल्या शोना लोकांवर आणि ग्रेट झिंबाब्वे या त्यांच्या मध्ययुगीन नगरीच्या दगडी भिंतींवर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘सह्यकडा’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. खाली दोन ओळींत उत्तर द्यायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळंच टाकते आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी:

‘ताई, भावना छान, अभ्यास कमी. चार दिवस फिरून आलेल्यांनी इतिहास लिहू नये. लिपी नाही, चाक नाही, अशा टोळ्यांनी 11 मीटरची भिंत चुन्याशिवाय रचली हे कुणाला पटेल? चुन्याशिवाय दगड बसवणं ही हेमाडपंती पद्धत. काळ जुळतो, चौलचे मणीही तिकडे गेले आहेत. आपलेच पाथरवट गेले असणार. जरा गूगल करा. बाकी, बांटू संस्कृती म्हणता आणि सगळा लेख शोनांवरच? माकुआ, चेवा, त्सोंगा कुठे गेले? गुलामांच्या व्यापारात तिथल्या सरदारांचाही हात होता, त्यावर अवाक्षर नाही. देवकाची तुलना ओढूनताणून. आणि 18 हजार वस्तीचा आकडा कुठून आणलात?’

सह्यकडा, नमस्कार. तुमचं खरं नाव मला माहीत नाही. माझं मात्र ब्लॉगवर फोटोसकट आहे, तेव्हा ‘ताई’ म्हणालात ते गोड मानून घेते. पण ‘ताई’ म्हणून लगेच ‘गूगल करा’? आमच्याकडे वडीलधाऱ्यांना असं सुचवायच्या आधी निदान पाणी तरी विचारतात.

आधी ‘चार दिवस’. मी हरारेत पर्यटक म्हणून गेले नव्हते. यजमानांची नोकरी तिथे होती आणि मी एका शाळेत गणित शिकवत होते. आम्ही राहायचो बेल्व्हेडीरमध्ये. ऱ्होडेशियाच्या, म्हणजे झिंबाब्वेवरच्या गोऱ्या राजवटीच्या काळात हिंदी लोकांनी कुठे राहायचं हे ठरलेलं होतं, त्यातली ही एक वस्ती. घरमालक गुजराती, तिसऱ्या पिढीतले. माझी मुलगी मराठीच्या आधी शोनात भांडायला शिकली. शाळेच्या सहलीबरोबर मस्विंगोला, म्हणजे ग्रेट झिंबाब्वेजवळच्या गावाला, कितीदा गेले ते मोजलेलं नाही, पण उन्हात पोरांच्या टोप्या सांभाळत त्या भिंतीला इतक्या फेऱ्या घातल्यात की कुठल्या बाजूला सावली कधी येते ते आजही सांगेन. एवढ्याने कुणी इतिहासकार होत नाही, ठाऊक आहे. पण ‘चार दिवस’ हेही खरं नाही, आणि न विचारता लिहून टाकायची तुम्हाला एवढी घाई का झाली हे मला कळलेलं नाही.

आता ते वाक्य. ‘आपलेच पाथरवट गेले असणार.’

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नाही. हरारेतल्या स्टाफरूममध्ये एक वयस्कर गोऱ्या बाई होत्या. स्वभावाने प्रेमळ, माझ्या मुलीला स्वेटर विणून दिलेल्या. ग्रेट झिंबाब्वेचा विषय निघाला की त्या आवाज खाली आणून म्हणायच्या, ‘अरबांनी बांधलं असणार, यांनी कसलं.’ समोर शोना शिक्षिका बसलेल्या असायच्या. त्या चहाचा कप खाली ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या, बोलायच्या मात्र नाहीत. तुमच्या वाक्यात फक्त अरबांच्या जागी आपण आलो, म्हणून ते गोड वाटतंय इतकंच.

त्या बाईंचाही तो शोध नव्हता. 1871 मध्ये कार्ल माउख नावाचा जर्मन प्रवासी तिथे पोचला. दाराच्या लाकडी तुळईचा तुकडा त्याने आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिला, सारखा वाटला, म्हणून ते लेबनॉनचं देवदार. देवदार आहे म्हणजे फिनिशियन, लेबनॉनकडचे प्राचीन दर्यावर्दी, आले. म्हणजे हा बायबलमधल्या शेबाच्या राणीचा वाडा! ते लाकूड आफ्रिकेतलंच निघालं. तो मुलूख बळकावणाऱ्या सेसिल ऱ्होड्सला ही कल्पना सोयीची होती, कारण आधीचे मालक बाहेरचे ठरले की नव्या बाहेरच्याला जमीन घेताना अवघडायला होत नाही. पुढे रिचर्ड हॉलला तिथे देखरेखीला नेमलं, तर त्याने ‘काफिरांची घाण’ (काफिर ही काळ्या लोकांसाठीची तिकडची शिवी) म्हणून आतले मातीचे थर उपसून फेकले. ते थर म्हणजे तिथे राहिलेल्या माणसांच्या चुली, खापरं, त्यांच्या मातीच्या भिंतींचा लगदा. पुरावाच फावड्याने काढून टाकला आणि वर विचारलं, पुरावा कुठाय?

1905 मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हरने खोदून सांगितलं की हे काम आफ्रिकन लोकांचं, आणि मध्ययुगातलं. गोऱ्या वसाहतीला ते रुचलं नाही, म्हणून 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसनला पाठवलं. तिनेही तेच सांगितलं. त्यानंतर या विषयाचे अभ्यासक यावर भांडत नाहीत. भांडत होतं ते ऱ्होडेशियाचं, इयन स्मिथचं गोरं सरकार. स्थळांचे निरीक्षक पीटर गार्लेक खरं तेच लिहीत राहिले, आणि 1970 मध्ये त्यांना देश सोडावा लागला. तेव्हा ‘गूगल करा’ हा सल्ला मी साभार परत करते.

पण तुम्ही हेमाडपंती म्हणालात आणि तिथे मला खरोखर मजा वाटली, म्हणून जरा थांबते. चुना नाही म्हणून दोन बांधकामं एक? मग आमच्या शेताचा बांधही हेमाडपंतीच. सिन्नरचं गोंदेश्वर डोळ्यांपुढे आणा. काळा बेसाल्ट, प्रत्येक दगड घडवलेला, खाचेत खाच बसवलेली, देवळाच्या भिंती ठायीठायी पुढेमागे झालेल्या, म्हणजे कोपऱ्यांचा नुसता सडा. दारावर दगडी तुळई.

आता ग्रेट झिंबाब्वेचं मोठं आवार. घेर सुमारे अडीचशे मीटर. कोपरा? एकही नाही. भिंत वळत जाते, दारापाशी गोल होऊन आत शिरते, पायऱ्यासुद्धा त्या गोलाईत बसवलेल्या. तुळया लाकडाच्या. दगड ग्रॅनाइटचा, आणि तो कुणी खाणीतून फोडून आणलेला नाही. त्या भागात उघडे, बोडके ग्रॅनाइटचे डोंगर आहेत. दिवसाच्या उन्हाने तापतात, रात्री गारठतात, आणि वरचा पापुद्रा कांद्यासारखा सुटतो. ही प्रक्रिया त्यांनी हेरली. वर जाळ करायचा, मग पाणी ओतायचं, की हवी तशी जाड फरशी सुटून येते. ती फोडली की साधारण सारख्या उंचीचे चिरे आपोआप मिळतात. दर्शनी बाजू तेवढी ठोकून नीट केलेली. बाहेर एक रांग, आत एक रांग, मधे त्याच दगडाची भर. पायाशी पाचेक मीटर रुंद, वर जाताना आत कलत गेलेली. पोरांना भूमितीचा तास म्हणून हा कल मी हाताने दाखवायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. त्याच भिंतीचा वायव्येकडचा भाग ओबडधोबड आहे, थर वरखाली होतात. तिथून पुढे चालत जा, थर सरळ होत जातात, उंची वाढते, आग्नेयेला पोचलात की वर नागमोडी नक्षीचा पट्टा येतो. म्हणजे बांधणारे बांधता बांधता शिकत होते. देवगिरीहून आलेल्या कसबी पाथरवटाला पहिले शंभर मीटर गचाळ काम करायचं काय कारण होतं? आणि आला तर गेला कधी? लिंपोपोकाठचं मापुंगुब्वे तेराव्या शतकातलं, ग्रेट झिंबाब्वे त्याच्या पुढचं, बुलावायोजवळचं खामी पंधराव्या शतकानंतरचं, आणि असली लहानमोठी दगडी ठिकाणं दोनशेच्या वर, थेट मोझांबिकमधल्या मान्यिकेनीपर्यंत. आपले पाथरवट पाचशे वर्षं तिकडे राहिले, एकही देवळी कोरली नाही, एक गणपती बसवला नाही, असं म्हणायचंय का?

लिपीचं म्हणाल तर देवळाच्या किती पाथरवटांना सही करता येत होती तेही एकदा शोधा.

मण्यांबद्दल. हिंदुस्थानातले काचमणी तिथे सापडले, हो. चिनी सेलडॉनची हिरवट भांडी सापडली, इराणी वाडगा सापडला, किलवा या पूर्व आफ्रिकेच्या बंदराचं नाणं सापडलं. म्हणून चिन्यांनी भिंत बांधली? कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या खोदकामात पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, ती तिथल्या संग्रहालयात आहे. उद्या एखादा इटालियन ‘आमचेच लोक आले असणार’ म्हणाला तर तुमची पहिली प्रतिक्रिया काय असेल, ती मी छापू शकेन का? मणी बाहेरून आले कारण आत त्यांच्या बदल्यात द्यायला सोनं आणि हस्तिदंत होतं, आणि ते सोफाल्याच्या बंदरापर्यंत पोचवणारी राज्यव्यवस्था होती. मणी गिऱ्हाइकाची ऐपत सांगतात.

आपला संबंध शोधायचाच असेल तर खरे संबंध कमी नाहीत, फक्त ते मिरवण्यासारखे नाहीत. 1752 पर्यंत मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार गोव्यातून चालायचा. गोव्याहून गेलेला जेझुइट पाद्री गोन्सालो दा सिल्व्हेरा 1561 मध्ये मुतापा या शोना राज्याच्या दरबारी मारला गेला. एकोणिसाव्या शतकात मोझांबिकच्या गोरोंगोझा भागात खासगी फौज बाळगून राज्य केल्यासारखा वागणारा मानुएल आंतोनिओ द सौझा हा गोव्यातलाच, 1892 मध्ये तिथल्याच बारुए भागात लढताना मेला. आपल्याकडचे लोक तिकडे गेले ते असे. हातात छिन्नी नव्हती.

देवकावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ‘टोळ्या’ म्हणून आधीच माप घेतलं होतं, म्हणून सांगते. शोनांत प्रत्येकाचा मुतुपो, म्हणजे कुळाचं चिन्ह, असतो. शुंबा म्हणजे सिंह, सोको म्हणजे माकड, न्झोऊ म्हणजे हत्ती, मोयो म्हणजे काळीज. आपल्या मुतुपोचा प्राणी खायचा नाही. मोयोवाले कुठल्याच जनावराचं काळीज खात नाहीत. एकाच मुतुपोत लग्न होत नाही, आणि झालंच तर गुरं देऊन आधी नातं तोडायचा विधी. आमच्याकडे लग्न ठरवताना ‘देवक कुठलं?’ विचारतात, एक निघालं की बैठक मोडते, कुणाचं कळंब, कुणाचा मोर. दोन्ही गोष्टी एका मुळाच्या आहेत असं मी कुठे लिहिलंय? दाखवा. मी लिहिलं की मराठी माणसाला हे समजायला पाच मिनिटं लागतात आणि इंग्रज मिशनऱ्याला आयुष्य लागलं. त्यावर मी ठाम आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा, आम्ही सगळे त्यांना सेकुरूच, म्हणजे आजोबाच, म्हणायचो, फी भरायला यायचे. पावती हातात दिली की मी दोन्ही तळवे जुळवून हलके वाजवत ‘मैता, शुंबा’ म्हणायचे, म्हणजे नावाने नव्हे, कुळाने आभार. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी पावती टेबलावर ठेवली, कोटाचं बटण लावलं आणि मग उत्तर दिलं.

त्याच सेकुरूंकडे मी म्बिरा हे वाद्य शिकायचा प्रयत्न केला. फळीवर ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या, दोन्ही अंगठे वरून दाबतात आणि उजवी तर्जनी खालून वर उचलते. त्या तर्जनीने माझा जीव खाल्ला. वाद्य भोपळ्यात अडकवतात, भोपळ्याच्या कडेला शीतपेयांची बुचं, ती खरखरतात. बाहेरच्या माणसाला वाटतं वाद्य बिघडलंय; खरखर नसेल तर सेकुरू वाजवायला घेत नसत. हे चार दिवसांत होत नाही, एवढंच सांगायचं होतं.

18 हजारांबद्दल: हो, तो जुन्या अंदाजांतला वरचा आकडा आहे. अलीकडचे अभ्यासक वस्ती दहा हजारांच्या आत आणतात. लेखात ‘काहींच्या मते’ एवढं टाकते. समाधान?

बाकीचं थोडक्यात. सगळं शोनांवरच का? कारण मी तिथे राहिले. आफ्रिकेच्या त्या कोपऱ्यात डझनावारी समाज आहेत. चोपींच्या तिंबिलांवर (लाकडी पट्ट्यांची वाद्यं), माकोंदेंच्या कोरीवकामावर लिहायला मला कुणी अडवलेलं नाही आणि तुम्हालाही नाही. गुलामांच्या व्यापाराबद्दल: हा लेख भिंतींचा होता. सरदारांचा हात होता का? होता, बऱ्याच ठिकाणी होता. पण लाल किल्ल्यावरच्या लेखाखाली तुम्ही असले प्रश्न टाकता का, ते आधी सांगा. लिहीन तेव्हा लिहीन.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. ग्रेट झिंबाब्वेच्या मोठ्या आवारात काटकोनातला एक कोपरा दाखवणारा फोटो पाठवलात तर तो लेखाच्या वर लावेन. ‘टोळ्या’ म्हणत आलेली पुढची प्रतिक्रिया मात्र तुमच्या इनबॉक्सातच राहील.