संपादन वर्गात शिकवता येतं का? : एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

'जुना वाचक' या नावाने तुम्ही मागच्या लेखाखाली जी प्रतिक्रिया टाकलीत ती मी दोनदा वाचली, आणि कॉमेंटच्या चौकटीत उत्तर मावेना म्हणून इथे वेगळं लिहितेय. तुम्हाला सर म्हटलं तर चालेल ना? वयाचा अंदाज तुम्हीच दिलाय म्हणून विचारलं.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजच्या मुलांना वाङ्मयीन अंक संपादित करायला आणि छापायला आम्ही कसं शिकवतो, यावर मी लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं की संपादन हे शिकवून येत नाही. ते आणि त्यांचे मित्र सत्तरच्या दशकात पुण्यात टपरीवर बसून अंक काढायचे, त्यांना कुणी क्रेडिट दिली नव्हती की मार्क दिले नव्हते. 'शब्द', 'असो', 'वाचा' ही अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारे छोटे वाङ्मयीन अंक, कुठल्या सिलॅबसमधून निघाली ते सांगा, असा त्यांचा प्रश्न. दुसरं म्हणजे आम्ही मुलांच्या हातात शुद्धलेखनाची कात्री देतोय. तिसरं, एकोणीस वर्षांच्या पोराने दुसऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराची कविता नाकारायची हा क्रूरपणा आहे. आणि शेवटी, इन्स्टाच्या जमान्यात छापायचं कशाला.

पहिल्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. सिलॅबसमधून निघाली नाहीत हे शंभर टक्के खरं, पण म्हणून ती शिकल्याशिवाय निघाली असं नाही ना होत सर. 'शब्द' १९५४-५५च्या सुमारास सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढून निघालं, दिसायला गरीबच, पण त्यातले कवी अरुण कोलटकर पुढे जाहिरातीच्या धंद्यात ग्राफिक डिझायनर म्हणून मुरले, अक्षर पानावर कुठे बसतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. 'असो'वाले अशोक शहाणे, त्यांचं छपाईतलं लक्ष किती बारीक ते त्यांच्या प्रास प्रकाशनाचं कुठलंही पुस्तक उघडलं की दिसतं. 'वाचा' काढणारे कादंबरीकार भालचंद्र नेमाडे तर पेशाने इंग्रजीचे प्राध्यापक. आणि हे सगळे ज्या 'सत्यकथे'वर, त्या काळच्या प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिकावर, तुटून पडत होते ती 'सत्यकथा' त्यांनी आधी ओळ न् ओळ वाचलेली होती, ज्याला शिव्या द्यायच्या तो समोर पक्का उभा होता. तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहायचे, कथेत कुठे गाडी अडते ते सांगायचे, पुन्हा लिहून मागायचे. ते पटो न पटो, अंक काढणाऱ्या माणसाने लेखकाशी एवढं भांडायचं असतं हे त्या पिढीला आपोआप कळत होतं.

शिवाय प्रेस. तुमच्या काळात पेठेत दोन गल्ल्या ओलांडल्या की पायाने चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनचा आवाज यायचा, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारा कंपोझिटर असायचा, तो 'हे वाक्य काय लिहिलंय हो' असं तोंडावर विचारायचा, गॅलीप्रूफ, म्हणजे तपासायची कच्ची छापील प्रत, हातात द्यायचा. तुम्ही टपरीवर बसून अंक काढलात हे मान्य, पण टपरीवरून उठून प्रेसमध्ये पण जात असणारच की. म्हणजे शाळा होती, फक्त तिला फी नव्हती.

आमच्या तालुक्याच्या गावात आता काय आहे? एक डीटीपीवाला आहे, तो लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि वाढदिवसाचे बॅनर करतो. चांगला माणूस आहे पण मजकूर वाचत नाही, वाचायला वेळ नाही त्याला. एसवायची मुलगी रात्री कविता लिहिते, पाच मिनिटांत स्टेटसला टाकते, चाळीस जण बदाम टाकतात, विषय संपला. त्या चाळिसांत एकानेही तिला विचारलेलं नसतं की तिसऱ्या कडव्यात 'तू' म्हणजे नक्की कोण. हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा आमच्या वर्गात विचारला जातो. वर्ग ही त्यासाठी आदर्श जागा आहे असं मी म्हणतच नाहीये, दुसरी जागा उरली नाही एवढंच माझं म्हणणं.

आणि कॉलेजच्या आवारातून काही उभं राहत नाही असंही नाही बरं का. 'अस्मितादर्श' हे नियतकालिक आठवा. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणातून ते आलं. गंगाधर पानतावणे मराठी शिकवणारे, आजूबाजूला पहिल्यांदाच लिहू लागलेली मुलं. दलित साहित्याच्या कितीतरी लेखकांचं पहिलंवहिलं लेखन त्या नियतकालिकाने छापलं, वर लेखक-वाचक मेळावे भरवले. तिथे कुणीतरी कुणाचं तरी हस्तलिखित समोर घेऊन बसत होतं म्हणूनच ते झालं.

आता कात्रीबद्दल. तुम्ही लिहिलंय की आम्ही 'ग्रामीण मुलांची भाषा इस्त्री करून' छापतो. एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण इथे खरी मजा आहे. एका मुलीची कथा आली, माण भागातली, निवेदनसुद्धा बोलीतच. 'आयनं चुलीपुढं बसल्या बसल्याच इचारलं' अशी सुरुवात. संपादक मंडळातल्या एका हुशार मुलाने पहिल्याच पानावर 'आयनं'चं 'आईने' केलं, 'इचारलं'चं 'विचारले', आणि सहा ओळींनंतर दमला म्हणून पुढचं तसंच ठेवलं. म्हणजे पान अर्धं सदाशिव पेठेत, अर्धं म्हसवडात. हे चुकीचं का, यावर एक अख्खा तास गेला. कथा तिची, निवेदक तिचा, त्याचं बोलणं बदलायचा अधिकार तुला कुणी दिला, असं दुसरी मुलगी त्याला म्हणाली आणि बरोबरच होतं. पण तेवढ्यावर थांबलं असतं तर तुमच्या टीकेत तथ्य राहिलं असतं, की मग संपादकाने करायचं काय, नुसतं पाया पडायचं?

करायचं हे होतं. त्याच कथेत 'न्हाई', 'न्हाय' आणि 'नाय' अशी तिन्ही रूपं होती. मुलांनी तिन्ही ठिकाणी पेन्सिलने खूण केली, कोण बोलतंय ते बाजूला लिहिलं आणि मग लेखिकेला बोलावून विचारलं. तर ती म्हणाली, 'नाय' फक्त चुलता म्हणतो कारण तो वीस वर्षं मुंबईत गिरणीत होता, ते मुद्दाम आहे. आणि 'न्हाय'? ते कसं आलं तिलाच ठाऊक नव्हतं, मोबाईलवर टाईप करताना कीबोर्डने सुचवलं असेल. मग चुलत्याचं 'नाय' राहिलं, बाकी सगळ्यांचं 'न्हाई' झालं, आणि हे एका कागदावर लिहून ठेवलं, म्हणजे प्रुफं वाचणारा पुन्हा शहाणपणा करणार नाही. आमच्या वर्गात संपादन म्हणजे मुख्यतः हे, की आधी खूण करायची, मग विचारायचं, आणि विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

शुद्धलेखनाच्या जोखडाबद्दल म्हणाल तर ते जोखड लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच हलकं आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२चे चौदा, त्यात १९७२ला चार घातले, म्हणजे एकूण अठरा. त्यातच पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा दिलेली आहे. बहुतेक मुलांनी हे नियम कधी बघितलेलेच नसतात, शाळेत फक्त लाल गोल बघितलेले असतात. नियम हातात दिले, बसून वाचले की निम्मी भीती जाते. मग 'पाणी' आणि 'पाणीपुरी'त दीर्घ, तर 'पाण्यात'चं काय, असले प्रश्न ती स्वतःच उकरून काढायला लागतात आणि माझं डोकं खातात. खाऊ देत.

नाकारण्याचं. हा मुद्दा मला लागला, खोटं कशाला बोलू. पण सर, जुन्या पद्धतीचा कॉलेजचा वार्षिक अंक बघा ना. पहिली कित्येक पानं संस्थापकांचा फोटो, अध्यक्षांचा फोटो, मनोगतं, विभागांचे अहवाल, स्नेहसंमेलनाचे रंगीत फोटो, आणि मग उरलेल्या जागेत मुलांचं आलेलं सगळं कोंबलेलं, न वाचता. त्यात आईवर, मैत्रीवर आणि पावसावर कविता. त्यातल्या काही तर व्हॉट्सॲपवरून उचललेल्या, ज्या एरवी पुलं, वपु नाहीतर नाना पाटेकरांच्या नावाने फिरत असतात त्या इथे एफवायच्या कुणाच्या तरी नावाने छापलेल्या. सगळं छापणं हा दयाळूपणा वाटतो, पण त्यात कुणीच कुणाचं वाचलेलं नसतं. मला यात जास्त क्रूरपणा दिसतो.

आमच्याकडे नाव झाकून दोघं वाचतात, दोघांचं जमलं नाही तर तिसरा. 'साभार परत'ची छापील चिठ्ठी बंद. नाकारायचं असेल तर पत्र लिहायचं आणि त्या पत्रात त्याच्या लेखनातली निदान एक ओळ उद्धृत करून तिच्याबद्दल काहीतरी नेमकं बोलायचं, 'छान प्रयत्न आहे, लिहीत राहा' हे वाक्य वापरायला सक्त मनाई. हे पत्र लिहिताना मुलांना अक्षरशः घाम फुटतो, कारण 'आवडली नाही' पुढे जाऊन का आवडली नाही ते शोधावं लागतं, आणि शोधता शोधता कधीकधी कविता आवडायलाच लागते, मग ती घेतात. असं झालंय. सगळ्यात मोठी पंचाईत होते ती स्टाफपैकी कुणी कविता दिली की. नाव झाकलेलं असलं तरी प्राध्यापकाची कविता लगेच ओळखू येते, 'क्षितिज' आणि 'अस्तित्व' हे शब्द एका कडव्यात आले की पोरं एकमेकांकडे बघतात. ते पत्र मात्र मी सही करते, पोरांवर टाकत नाही.

हल्ली एआयने लिहिलेलंही येतं. त्यासाठी मी कुठलं सॉफ्टवेअर वापरत नाही, समोर बसवून पहिला कच्चा खर्डा मागते आणि ही ओळ आधी कशी होती ते विचारते. ज्याने स्वतः लिहिलंय तो थांबवलं तरी थांबत नाही.

छापायचं कशाला, तर याचं माझं उत्तर फार व्यावहारिक आहे. छपाईत पानं फॉर्मच्या हिशेबाने, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जातात, एका फॉर्मात सोळा पानं, चार फॉर्म म्हणजे चौसष्ट, आणि आमचं बजेट चार फॉर्मांचं. गेल्या खेपेला पानं लागली सदुसष्ट. प्रेसवाले म्हणाले, तीन पानांसाठी पुढचा तुकडा लावायचा तर पैसे वाढतील, काय ते ठरवा. आता ही तीन पानं कुणाची कापायची? टाईप लहान करून बघितला, वाचवेना. एका कवितेचे दोन कॉलम करून बघितले तर लांब ओळी मोडायला लागल्या, कवीने नकार दिला, योग्यच दिला. शेवटी चार पानी संपादकीय एका पानावर आलं, आणि ते ज्यांनी लिहिलं होतं त्यांनीच आणलं, कुरकुरत का होईना. पीडीएफला सदुसष्ट काय आणि सत्त्याण्णव काय, हा प्रसंग आलाच नसता. पीडीएफ आम्ही नंतर काढतोच, ती व्हॉट्सॲपवर फिरतेच, पण आधी कागदाने अडवलेलं बरं.

दुसरं, फॉन्ट. मुलं फोनवर युनिकोडमध्ये लिहितात, डीटीपीवाला तो मजकूर श्री-लिपीत, म्हणजे वेगळ्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये नेतो, आणि त्या प्रवासात वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, रफार उडतात, 'दुसऱ्या'चं 'दुस-या' होतं. म्हणजे आधी दोनदा तपासलेला मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचायचा, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे, पण याच कंटाळ्यात मुलं पहिल्यांदा दुसऱ्याची कथा शब्दन् शब्द वाचतात. स्वतःची तर कधीच इतकी वाचलेली नसते.

हक्कांचंही तसंच. एकाने एका हयात हिंदी कवीच्या तीन कवितांचा झकास अनुवाद केला होता. परवानगीचा मेल पाठवला, उत्तर आलं नाही, म्हणून छापला नाही. 'कॉलेजच्या अंकाला कोण विचारतंय मॅडम' असं ऐकावं लागलं. पण १९५७च्या कायद्याप्रमाणे अनुवादाचा हक्क मूळ लेखकाकडेच असतो, आणि लेखक गेल्यावरही साठ वर्षं तो वारसांकडे राहतो, कॉलेज आहे म्हणून काही तो बाजूला पडत नाही. ज्याला उद्या आपली कविता कुणी चोरली म्हणून राग येणार आहे त्याला हे आज कळलेलं बरं.

एका बाबतीत तुमच्याशी माझं भांडण नाही, ते म्हणजे मार्क. नाकारण्याच्या पत्राला दहापैकी किती द्यायचे हे मला कळत नाही आणि कळावं अशी इच्छाही नाही. मी हजेरीला, मुदतीला आणि प्रूफाच्या कामाला मार्क देते, कुणाची निवड योग्य होती याला देत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्याची क्रेडिट आली म्हणून वेळापत्रकात तास मिळाला, प्रेसला जायला परवानगी मिळाली, एवढा त्याचा उपयोग मी करून घेतला. तास फुकट मिळत असेल तर सोडायचा कशाला? बाकी अंकाला आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, घ्या म्हणून मागे लागलेल्या सहकाऱ्यांबद्दल वेगळं लिहीन, तो एक स्वतंत्र विनोदी लेख आहे.

तुम्ही विचारलंय की अंकाची छापील प्रत मिळेल का. मिळेल, पत्ता इथे जाहीर टाकू नका, ब्लॉगवरच्या संपर्काच्या फॉर्ममधून पाठवा. आणि एक विनंती. तुमच्या त्या अंकाची एखादी प्रत तुमच्याकडे उरली असेल तर तिचे फोटो तरी पाठवा, सगळ्या पानांचे, फक्त मुखपृष्ठाचे नकोत. तो सायक्लोस्टाइलवर काढला असेल तर मराठी कसं उमटायचं, स्टेन्सिलवर चूक झाली तर ती तुम्ही कशी दुरुस्त करायचात, हे मुलांना दाखवायचंय आणि मला ते नीट सांगता येत नाही. जानेवारीत प्रुफं निघतात, तेव्हा इकडे येणं झालं तर एक तास तुमचा. मुलं तुमच्याशीही भांडतील, तेवढी तयारी ठेवून या.