मीठ विसरलं तरी चालेल

जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची घोषणा केली. त्यासाठी माजी सैनिक, क्रीडाशिक्षक, एनसीसी आणि स्काऊट-गाईड यांची मदत घ्यायची, असा विचार मांडला गेला. तेव्हापासून अमेरिकेतल्या मराठी घरांतही हा विषय निघतो. कुणी म्हणतं, शिस्त लागेल. कुणी म्हणतं, सहा वर्षांच्या पोराला कसली कवायत? दोन्ही बाजू स्काऊटिंगला कवायतीच्याच खात्यात टाकून मोकळ्या होतात, आणि इथे अमेरिकेत स्काऊट पथकांसोबत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना खटकतं ते हेच.

स्काऊटिंग सुरू करणारा बेडन-पॉवेल स्वतः सैन्याधिकारी होता. तरीही ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर त्याने वीस-बावीस मुलांचं पहिलं शिबिर भरवलं, तेव्हा त्यांची एक लांब रांग केली नाही, चार संघ केले. प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा. महागड्या शाळांतली मुलं आणि कामगारवस्तीतली मुलं एकाच संघात ठेवली. कवायतीने मुलाची स्वतःची बुद्धी दबते, असंच त्याचं मत होतं. रांगेत उभं राहणारा मुलगा हुकूम ऐकायला शिकतो, तेही उपयोगाचंच. पण पाऊस आला आणि आठ जणांचा तंबू गळायला लागला तर काय करायचं, हे त्याला रांगेत कळत नाही.

इथल्या पथकात सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो. नायक संघच निवडतो, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांसाठी. सगळ्या संघांवर एक सिनियर पेट्रोल लीडर (पेट्रोल म्हणजे संघ), तोही मुलांनी निवडलेला. सामान सांभाळणारा क्वार्टरमास्टर आणि नोंदी ठेवणारा लेखनिक तो नेमतो. महिन्यातून एकदा या नायकांची बैठक होते. ती चालवतो सिनियर पेट्रोल लीडर, पथकाची जबाबदारी असलेलं मोठं माणूस, म्हणजे स्काऊटमास्टर, बाजूला बसून ऐकतो. प्रत्येक मुद्द्यावर तीन गोष्टी कागदावर आल्याच पाहिजेत: कोण करणार, कधीपर्यंत, काय लागेल. ‘आपण सगळे मिळून करू’ असं लिहिलं असेल तर ते काम होत नाही, हे पक्कं समजावं.

या पद्धतीचा खरा कस लागतो तो शिबिरातल्या स्वयंपाकात. शुक्रवारी संध्याकाळी जायचं आणि रविवारी दुपारी परतायचं, तर शनिवारची तीन जेवणं आणि रविवारची न्याहारी अशी चार वेळची सोय संघाने स्वतः करायची. माणशी पंधरा ते वीस डॉलर गोळा होतात. काय खायचं ते मुलं ठरवतात, शाकाहारी कोण आणि शेंगदाणा कुणाला चालत नाही हे विचारतात, यादी करतात, आणि एक मुलगा मोठ्या माणसासोबत जाऊन खरेदी करतो. चुका ठरलेल्या असतात. आठ जणांना कच्चा तांदूळ माणशी ७५-८० ग्रॅम धरला तर साधारण सहाशे ग्रॅम पुरतो. मुलं एकतर मोठी पिशवीच उचलतात, नाहीतर दोन वाट्यांत भागेल असं समजतात. चिप्स तीन प्रकारचे येतात. तेल आणि मीठ मात्र हटकून राहतं, कारण घरी ते कायमच असतं, ते विकत आणावं लागतं हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं.

कामवाटपाचा तक्ता निघण्याआधीच लिहून चिकटवायचा: स्वयंपाक, मदत, पाणी, भांडी. ज्याने रांधलं त्याच्याकडे त्या जेवणाची भांडी नाहीत. भांड्यांना तीन टब लागतात: पहिल्यात गरम साबणपाणी, दुसऱ्यात गरम स्वच्छ पाणी, तिसऱ्यात जंतुनाशक घातलेलं गार पाणी. पाणी तापत कधी ठेवायचं? जेवायला बसण्याआधी. हे चुकलं की रात्री नऊला काळोखात गार पाण्याने तेलकट पातेली घासावी लागतात, आणि पुढच्या शिबिरात कुणी न सांगता पाणी वेळेवर चुलीवर चढतं.

नव्या नायकाची नेहमीची चूक म्हणजे सगळं स्वतःच करणं. बाकीचे सात उभे राहून बघतात आणि हा घामाघूम होतो. दुसरी चूक, आपल्या मित्राला सोपं काम देणं. तिसरी, ओरडणं. यावर भाषणाचा उपयोग नाही. त्याला काम शिकवायचं कसं हेच शिकवावं लागतं, आणि इथे त्याच्या चार पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी समजावून सांग, मग करून दाखव, मग त्याच्या हातून करून घे, मग त्याला एकट्याला करू दे. अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या मुलालाही या पायऱ्यांनी दुसऱ्या कुणाला स्क्वेअर नॉट, म्हणजे आपल्याकडची रीफ नॉट, शिकवून दाखवावी लागते. बहुतेक मुलं तिसरी पायरी गाळतात. करून दाखवलं की निघून जातात, किंवा समोरच्याच्या हातातली दोरी हिसकावून स्वतःच गाठ मारतात. मोठी माणसंही नेमकं हेच करतात.

मोठ्यांचं तर सगळ्यात अवघड. शिबिरात त्यांची राहुटी वेगळी, स्वयंपाक वेगळा. मुलगा प्रश्न घेऊन आला की पहिलं उत्तर एकच: “तुझ्या संघनायकाला विचारलंस का?” मध्ये कधी पडायचं याचा निकष स्पष्ट हवा. कुणाला इजा होईल का? स्टोव्ह, कुऱ्हाड, खोल पाणी, कच्चं चिकन, वीज आणि वादळ, इथे क्षणाचाही विलंब नको. भात लागला, मीठ विसरलं, तंबू वाकडा उभा राहिला, तर गप्प बसायचं. आणि निघण्याआधी मुलांना गोल बसवून विचारायचं: काय सुरू करू, काय बंद करू, काय चालू ठेवू? उत्तरं लेखनिकाने लिहायची आणि पुढच्या बैठकीत पहिल्यांदा तीच वाचायची. नाहीतर हाही एक उपचारच होतो.

आपल्या मराठी पालकांना हे जड जातं, आणि त्यामागे मायाच असते. ‘थांब, मी पटकन करून देते’ हे वाक्य पथकाच्या बैठकीत मराठीतच ऐकू येतं. इथला सर्वोच्च ईगल हुद्दा अठरावा वाढदिवस उजाडण्याआधी मिळवावा लागतो. त्याआधी सहा महिने पथकात जबाबदारीचं पद सांभाळायचं आणि समाजोपयोगी प्रकल्पात इतरांचं नेतृत्व करायचं असतं. कॉलेजच्या अर्जावर शोभेल म्हणून आई-बाबाच फोन करतात, लाकूड मागवतात, तक्ते भरतात. बाक उभं राहतं. पण दहा जणांना काम कसं वाटून द्यायचं, हे मुलाला कळतच नाही.

इथलं सगळं छान, असं मुळीच नाही. इथल्या स्काऊट संघटनेला, म्हणजे बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिकाला (आता स्काऊटिंग अमेरिका), फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली. मुलांच्या लैंगिक शोषणाचे ८२ हजारांहून जास्त दावे दाखल झाले आणि भरपाईची रक्कम २४६ कोटी डॉलरवर गेली. ज्यांनी सोसलं त्यांची किंमत त्या आकड्यात मावत नाही. म्हणून मुलांना मोकळीक देण्याआधी नियम लागतात: प्रत्येक उपक्रमाला एकवीस वर्षांवरची निदान दोन नोंदणीकृत मोठी माणसं, एका मुलासोबत एकटं कुणीही नाही, मुलाला पाठवलेल्या प्रत्येक निरोपात दुसरं मोठं माणूस. महाराष्ट्रात शिबिरं वाढवायची असतील तर हे आधी उचला, तंबू नंतर.

बाकी फारसं काही बाहेरून आणायची गरजच नाही. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये संघ आहेत, संघनायक आहेत, नायकांची बैठक, म्हणजे मानसभा आहे. वापर मात्र कमी. राज्य पुरस्काराच्या तयारीत प्रथमोपचाराच्या नोंदवह्या सुबक सजतात, दहावीच्या सवलतीच्या गुणांची चौकशी होते, आणि मानसभा कागदावरच भरते. पहिली ते आठवीच्या शाळांत ‘आनंददायी शनिवार’ आहे. पाचवी ते आठवीच्या वर्गांनी त्यातले दोन शनिवार नुसते ‘खरी कमाई’ला, म्हणजे मुलांनी स्वतः कष्ट करून पैसे कमावण्याच्या स्काऊटच्या उपक्रमाला द्यावेत.

सध्या खऱ्या कमाईच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी वडे आई तळते, हिशेब बाई लिहितात आणि मुलं गल्ल्यावर बसून फोटो काढतात. त्याऐवजी सात-आठ जणांच्या संघाला पाचशे रुपये भांडवल द्या, आणि विस्तवाशिवाय होणारं काहीही विकू द्या: भेळ, कोकम सरबत, काकडी. पहिल्या शनिवारी मानसभेत प्रत्येक नायकाने काय विकणार, किती आणणार, भाव काय, हे सांगायचं. दुसऱ्या शनिवारी विक्री. बाजारात मोठं माणूस सोबत असावं, पण कांदा किती किलो घ्यायचा हे त्याने सांगू नये. एखाद्या संघाचे दीडशे रुपये बुडतील, चुरमुरे मऊ पडतील, चिंचेचं पाणी जास्तच आंबट होईल. त्या संघाचा हिशेब मानसभेत सगळ्यात आधी वाचायला सांगा, आणि तो नायकालाच वाचू द्या.