चार समीकरणं, चार चलं, आणि तरी उत्तर ठरेना

बावीस वर्षं बी.एस्सी.च्या मुलांना गणित शिकवते आहे. फळ्यावर एकसामयिक समीकरणं मांडली की उत्तर पूर्णांकात येणार, याची मला आणि मुलांना खात्री असते. अपूर्णांक आला तर मुलं आधी स्वतःची चूक शोधतात. यंदाच्या उन्हाळ्यात माझी ही खात्री गेली आणि ती गेली हे फार बरं झालं.

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. ती विद्यार्थ्यांसाठी असते एवढंच आमच्या स्टाफरूममध्ये माहीत होतं. ती शिक्षकांनाही मिळते. मी अर्ज केला, निवड झाली आणि मे महिन्यात बंगळुरूला सीटी स्कॅनच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत जाऊन बसले. मला शिकवणारी पीएचडीची मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची.

पहिल्याच दिवशी तिने कागदावर चार घरांची चौकट काढली. वरच्या ओळीची बेरीज ५, खालच्या ओळीची ९, दोन्ही उभ्या रकान्यांची ७-७. "मॅडम, आतले आकडे सांगा." मी लिहिलं: वर १ आणि ४, खाली ६ आणि ३. तिने शेजारी लिहिलं: वर २ आणि ३, खाली ५ आणि ४. दोन्ही बरोबर! चौथं समीकरण पहिल्या तिघांतूनच निघतं, नवं काहीच सांगत नाही. मॅट्रिक्सची रँक, म्हणजे खरोखर वेगळी समीकरणं किती ते, मी दर वर्षी शिकवते, पण ती अशी अंगावर कधी आली नव्हती. मग तिने डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या कर्णाची बेरीज दिली, ४. आता माझंच उत्तर उरलं. सीटी स्कॅनचं यंत्र रुग्णाभोवती का फिरतं ते मला त्या कर्णाने समजावलं. नुसतं उभं-आडवं पाहून आतलं कळत नाही, तिरकंही पाहावं लागतं.

क्ष-किरण शरीरातून जाताना प्रत्येक थर त्याचा काही हिस्सा अडवतो, म्हणजे गुणाकार होत जातो. लॉग (लॉगॅरिदम) घेतला की त्याची बेरीज होते, चौकटीतल्या ओळीच्या बेरजेसारखी. मुलं दर वर्षी विचारतात, "लॉग कुठे वापरतात?" इथे!

अशा बेरजांवरून आतलं चित्र कसं काढायचं, हा प्रश्न १९१७ मध्ये गणितज्ञ योहान राडोन यांनी निव्वळ गणित म्हणून सोडवून ठेवला होता. अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन घेतला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी. १८० कोन, प्रत्येक कोनातून १६० नोंदी, म्हणजे २८,८०० समीकरणं. चित्र ८० गुणिले ८० घरांचं, म्हणजे चलं फक्त ६,४००. हे आकडे वाचून मी थांबले. चलांपेक्षा समीकरणं चौपटीहून जास्त, आणि प्रत्येक नोंदीत थोडी चूक असणारच. सगळी समीकरणं एकदम पाळणारं उत्तर मिळतच नाही. सगळ्यांशी मिळून कमीत कमी चुकणारं उत्तर शोधायचं, आणि ते चित्र पाहून डॉक्टर निर्णय घेणार. असं उत्तर शोधायची पद्धत म्हणजे लीस्ट स्क्वेअर्स; ती मी आजवर सूत्र म्हणून पाठ करून घेतली. त्यामागची ही काळजी मुलांपर्यंत कधी पोचवली नाही, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून मनापासून सांगते, आपण मुलांना फार स्वच्छ गणितं देतो. दहावीच्या 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'पासून पुढे प्रत्येक गणिताचं उत्तर शेवटच्या पानावर असतं. एखादं तरी मळकं गणित वर्गात यायला हवं, ज्यात मोजमाप चुकलेलं आहे आणि तरी उत्तर द्यायचंय. त्यासाठी शिक्षकाने आधी स्वतः अडकायला हवं. मी जून महिन्यात तीन आठवडे एका प्रोग्रामवर अडकले होते. प्रतिमेत सारखी वर्तुळं उमटत होती आणि कारण सापडत नव्हतं. न येणाऱ्या मुलाच्या जागी बसणं किती जड असतं, ते इतक्या वर्षांनी आठवलं. शाळेतल्या शिक्षकांनाही ही संधी मिळायला हवी. त्यांच्या सुट्ट्या पेपर तपासणीत आणि निवडणुकीच्या कामात जातात.

परवा वर्गात चार घरांची तीच चौकट दिली. दोन गटांची उत्तरं वेगळी आली, भांडण लागलं. पाचेक मिनिटांनी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तिरकी बेरीज द्या ना." मी तिला कर्ण हा शब्दही सांगितला नव्हता.