“मशीन चुकत नाही, माणूस चुकतो” म्हणे

सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्याकडे तो एका काकांनी टाकला. थोडक्यात असा: ‘कॉम्प्युटर कधीच चुकत नाही. जगातले ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात. एका हायफनमुळे नासाचं रॉकेट पडलं. चूक म्हणजे निव्वळ हलगर्जीपणा. म्हणून जमेल तिथे माणूस काढा, मशीन बसवा.’ खाली ‘विचार करा आणि पुढे पाठवा’. मी विचार केला, पुढे नाही पाठवला. काका, राग मानू नका, पण महापेला सॉफ्टवेअर टेस्टिंगवर पोट भरणाऱ्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही, मशीन चुकत नसतं तर मला पगार कोणी दिला असता?

पहिलं, कॉम्प्युटर चुकत नाही. थेरॅक-२५ म्हणून कॅनडात बनलेलं मशीन होतं, कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन द्यायचं. १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात मिळून सहा जणांना त्याने भयंकर जास्त डोस दिला, काही जण त्यातच गेले. आता हे कसं झालं ते नीट बघा. टेक्सासमधल्या टायलर गावच्या हॉस्पिटलात ऑपरेटर बाईंनी किरणांच्या प्रकारात सवयीने इलेक्ट्रॉनच्या जागी एक्स-रे टाईप केलं, लगेच लक्षात आलं, कर्सर वर नेऊन दुरुस्त केलं आणि बाकी सगळं बरोबर म्हणून एंटर एंटर करत खाली आल्या, रोजचं काम, हात बसलेला. ही दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाली, आणि मशीन तेवढा वेळ आतले मॅग्नेट सेट करण्यात अडकलेलं, त्याला बदल कळलाच नाही, स्क्रीनवर मात्र सगळं बरोबर दिसतंय. म्हणजे बाईंनी चूक केली आणि सुधारलीसुद्धा, ती सुधारणा मशीनला पचली नाही. वर मेसेज काय तर ‘मालफंक्शन ५४’, याचा अर्थ काय लावायचा माणसाने? कंपनी म्हणत होती असा डोस जाणं शक्यच नाही. शेवटी त्याच हॉस्पिटलच्या फिजिसिस्टने आणि त्याच ऑपरेटर बाईंनी पुन्हा पुन्हा टाईप करून तो बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, पकडला. आणि खरी चीड आणणारी गोष्ट पुढे आहे, हाच बग आधीच्या थेरॅक-२० मध्येही होता, पण तिथे वेगळे हार्डवेअरचे इंटरलॉक, म्हणजे गडबड झाली की मशीन अडवणारी यंत्रणा, होते म्हणून फक्त फ्यूज उडायचा, पेशंटला काही व्हायचं नाही. नव्या मॉडेलमध्ये ते इंटरलॉक काढले, सॉफ्टवेअर बघून घेईल म्हणून.

अजून एक. ब्रिटनमध्ये पोस्टाच्या होरायझन सॉफ्टवेअरने हिशोबात नसलेली तूट दाखवली आणि १९९९ ते २०१५ मध्ये अशा पुराव्यावर ९०० हून जास्त पोस्ट चालवणाऱ्या लोकांना चोरी-अफरातफरीत दोषी ठरवलं. तिथल्या कोर्टातही कॉम्प्युटर बरोबरच चालतोय असं धरून चालायचं हाच नियम होता. फॉरवर्डवाल्याला आवडला असता.

आता ते ९४ टक्के. हा आकडा जगाचा नाही, अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याचा आहे, २००५ ते २००७ च्या अपघातांचा सर्व्हे, रिपोर्ट २०१५ चा. त्यात मोजलं होतं ते घटनांच्या साखळीतली शेवटची कडी कोणाकडे होती एवढंच, आणि हे अपघाताचं कारण किंवा दोष समजू नये असं त्या रिपोर्टमध्येच लिहिलंय. घोडबंदर रोडला रात्री दिवा बंद, समोर खड्डा, राँग साईडने टँकर आणि या सगळ्यात बाईकवाल्याने हँडल जरा जास्त वळवलं, तर शेवटची कडी बाईकवाला. खड्डा कोणाचा ते मग कोणी विचारतच नाही, माझा मूळ आक्षेप हाच आहे.

हायफनचं लवकर उरकतो. ते रॉकेट म्हणजे १९६२ चं, नासाचं मरिनर-१ यान नेणारं. हायफन नव्हता, फॉर्म्युल्यातल्या अक्षराच्या डोक्यावरची रेघ कोडमध्ये यायची राहिली होती. आणि रॉकेटचं रेडिओ गाईडन्सचं (रेडिओवरून दिशा देणारं) हार्डवेअर बिघडलं म्हणून ती चूक उघडी पडली, नुसत्या रेघेने रॉकेट पडलं नाही.

चूक म्हणजे हलगर्जीपणा, यावर मात्र मला जास्त बोलायचंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं सुखरूप उतरायची आणि मग पायलट फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) चाकांचा स्विच ओढायचे, विमान पोटावर. चांगले ट्रेनिंग घेतलेले पायलट, सगळ्यांची एकच चूक. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट बघितलं तर दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे. त्याने चाकांच्या स्विचला चाकाच्या आकाराची मूठ बसवली, फ्लॅपला पाचरीसारखी, आणि प्रकार थांबला. पायलट तेच होते हो!

बेलापूरची बातमी वाचली असेल, जुलै २०२५ मध्ये एक बाई रात्री मॅप बघत उलव्याला निघाल्या, पुलावर चढायच्या ऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेल्या आणि गाडी थेट खाडीत, नशीब वाचल्या. कमेंटमध्ये सगळे डोळे फुटले होते का विचारत होते, पण मॅपवर पूल आणि त्याखालचा रस्ता एकमेकांवर येतात, रात्री अंधारात पुढे पाणी आहे की डांबर हे कळणार कसं?

आणि आमच्याच सोसायटीचं घ्या, टाकी ओव्हरफ्लो झाली की वॉचमनला बोलणी. पंपरूममध्ये ए विंग आणि बी विंगचे स्विच अगदी सारखे आहेत, वरची चिकटपट्टी कधीच पडली, रात्री दोनला उठलेला माणूस कोणता दाबणार?

राहिलं माणूस काढा. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत रशियाच्या सॅटेलाईट सिस्टिमने सांगितलं की अमेरिकेची पाच मिसाईल निघाली. ड्युटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्हने विचार केला की युद्ध सुरू करायचं तर कोणी पाचच कशाला सोडेल, आणि अलार्म खोटा म्हणून कळवलं. उंच ढगांवरून आलेलं सूर्याचं प्रतिबिंब निघालं ते. तिथे नुसतं मशीन असतं तर हा लेख लिहायला मी नसतो, फॉरवर्ड करायला काका नसते.

म्हणजे मशीन नको असं मी म्हणत नाहीये, उगाच तसा अर्थ काढू नका. आपल्या लोकलमध्ये ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम आहे, लाल सिग्नल ओलांडला तर आपोआप ब्रेक लागतात, आणि ती मोटरमनला बसवून ठेवूनच लावलीय. उलट माणसाला नुसतं बघत बसवलं आणि ऐन वेळी ‘आता तू सांभाळ’ म्हटलं की काय होतं ते २००९ मध्ये एअर फ्रान्सच्या ४४७ ला दिसलं, वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साठला, ऑटोपायलट सुटला, पायलट गोंधळले, २२८ लोक गेले.

तेव्हा रविवारच्या मीटिंगला टाकीत फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा) बसवायला माझा हात वर आहे, दोन्ही स्विचना वेगळे रंग द्यायला तर दोन्ही हात. वॉचमन काढायच्या ठरावाला नाही, कारण फ्लोटही कधीतरी अडकतो आणि तेव्हा वर चढून बघायला तोच लागणार आहे.