कोल्हापूरच्या महिला साहित्य मंडळांना इतिहास नाही म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोल्हापूर हे तालमींचं, कुस्तीचं, तांबड्या-पांढऱ्याचं गाव. इथली महिला साहित्य मंडळं म्हणजे पुण्याहून आलेली अलीकडची हौस. पांढरपेशा बायकांची हळदीकुंकवाची सोय. त्यांतून एक लेखिका निघाली नाही, आणि कुठं नोंदच नाही म्हटल्यावर इतिहास कसला? माझ्या माहेरच्या ग्रुपवरही तो आला आणि खाली भराभर अंगठे उमटले. मी अशाच एका मंडळात वाढले, म्हणून उत्तर देते.

आधी पुण्याचं बघू. करवीर नगर वाचन मंदिर हे इथलं ग्रंथालय १८५० सालचं. संस्थानात मुलींच्या शिक्षणाचं काम रखमाबाई केळवकर बघत होत्या. त्यांच्या कन्या डॉ. कृष्णाबाई यांना पुढच्या वैद्यकीय शिक्षणासाठी शाहू महाराजांनी परदेशी पाठवलं. महाराजांचे धाकटे चिरंजीव १९१८ मध्ये शिकारीत गेले, तेव्हा कोवळ्या वयात विधवा झालेल्या सूनबाई इंदुमतीदेवींना त्यांनी कोल्हापूरजवळच्या सोनतळीला ठेवून शिकवलं. कुस्तीचं खासबाग मैदान बांधणारे महाराज तेच. त्यांचं एक काम लक्षात ठेवायचं आणि दुसरं पुसायचं, हे मला सहन होत नाही. ज्या ‘स्त्री’ मासिकाची मराठी घराघरांतून बायका वाट बघायच्या, तेही १९३० साली निघालं किर्लोस्करवाडीहून, म्हणजे आपल्या शेजारून. वाचणारी बाई या भागात उपरी कधीच नव्हती.

आता हळदीकुंकू. हा शब्द हिणवायला वापरलाय, म्हणून इथं जरा थांबते. आमच्याकडच्या थोरल्या काकू सांगायच्या, ‘पुस्तकावर बोलायला जाते’ म्हटलं तर सासूबाई उंबऱ्यातच अडवायच्या, ‘हळदीकुंकवाला जाते’ म्हटलं की कुणी काही विचारत नसे. त्यामुळं बरीच वर्षं सभा भरायची ती कुणाच्या तरी माडीवर, दुपारी तीन ते पाच. जेवणं, भांडी आटोपलेली आणि शाळेतली पोरं अजून घरी यायची, एवढीच वेळ बाईची स्वतःची. वाण म्हणून डबी-फणीऐवजी वही आणि पेन्सिल लुटलेली मला आठवते. ज्या बाईला घराबाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती, तिनं त्या वाटेनं पुस्तकापर्यंत जावं, यात कमीपणा कुठं आला?

आणि तिथं चालायचं काय? आमच्या मंडळाची जुनी इतिवृत्ताची वही माझ्याकडं आहे. लाल कापडी बांधणीची, कडा वाळवीनं खाल्लेल्या. एका पानावर ठराव आहे: कथा वाचून झाल्यावर कुणीही नुसतं ‘छान आहे’ म्हणायचं नाही, का छान ते सांगायचं, आणि आवडली नसेल तर लिहिणारीच्या तोंडावर सांगायचं, जिन्यात नाही. खाली सगळ्यांच्या सह्या, त्यांत एक अंगठाही. त्या बाईंना लिहिता येत नव्हतं, पण त्या प्रत्येक सभेला येऊन ऐकायच्या आणि नेमकं बोट ठेवायच्या. समीक्षा याहून वेगळी काय असते, ते मजकूर लिहिणाऱ्यानं मला समजावून सांगावं.

पांढरपेशा बायकांची मंडळं, हा आक्षेप मात्र निम्मा खरा आहे आणि तो मी झटकणार नाही. आमच्याकडं बरीच वर्षं त्याच त्या आडनावांच्या बायका होत्या. शेजारच्या गल्लीतल्या बाईला बोलवावं हे सुचायलाच फार काळ गेला. ती चूक मंडळांची आहे. पण म्हणून बाकीच्या बायकांकडं साहित्य नव्हतं असं होत नाही. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा झाल्यात, आणि त्या रचणाऱ्या बहुतेक जणी कधी शाळेत गेलेल्या नाहीत. आज आमच्या सभेत भाजी मंडईत बसणारी एक मावशी ओवी म्हणते, तेव्हा माजी मुख्याध्यापिका बाई ती उतरवून घेतात. हे आधीच व्हायला हवं होतं.

लेखिका निघाली नाही, हे तर सरळ चूक. विजया राजाध्यक्ष कोल्हापूरच्या, २००१ च्या इंदूर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष. भालजी पेंढारकरांच्या कन्या माधवी देसाई याच मातीतल्या. कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय उभं करणाऱ्या लीलाताई पाटील यांनी शिक्षणावर किती लिहिलं! त्यांना आमच्या मंडळांनी घडवलं असा माझा दावा नाही. पण हिशेब मांडायचाच तर तो सगळीकडं मांडा. पहिलं मराठी साहित्य संमेलन १८७८ चं, पहिली महिला अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१ साली. २०२५ च्या दिल्लीच्या ९८व्या संमेलनापर्यंत महिला अध्यक्ष झाल्या फक्त सहा, आणि सहाव्या तारा भवाळकर आपल्या शेजारच्या सांगलीच्या. कोल्हापुरात १९३२ आणि १९९२ मध्ये संमेलन भरलं, दोन्ही वेळा अध्यक्ष पुरुष. मोठ्या व्यासपीठावर जागा मिळत नव्हती, म्हणून तर बायकांनी माडीवर सतरंजी अंथरली.

राहता राहिली नोंद. नोंद आहे. इतिवृत्तांत आहे, हस्तलिखित अंकांत आहे, वर्गणीच्या पावतीपुस्तकांत आहे. ती कुणी मागितली नाही, आणि एखादी आजी गेली की तिची ट्रंक आवरताना रद्दीवाल्याला किलोवर जाते. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत, राजारामपुरीत, शाहूपुरीत कुणाच्या घरी अशा वह्या असतील, तर त्या विकू नका. वाळवी लागली असेल तर आधी सावलीत पसरून झटकून घ्या, पानांना चिकटपट्टी लावू नका, मोबाईलवर एकेका पानाचे फोटो काढा. सह्यांची पानं आधी घ्या. कुठली सही कुणाची हे सांगू शकणाऱ्या बायका अजून आहेत, त्यांना यंदाच विचारा.